नाहरगडचा चढ

मे महिना लागला की जयपूरच्या मराठी मंडळात बदल्यांचा बाजार भरायचा. विमा कंपनीतला कुणी नागपूरला निघायचा, बँकेतला कुणी गुवाहाटीला, फौजी तर कुठेही. मागे राहायचे कूलर, दिवाण, शिलाईची यंत्रं आणि मुलांच्या लहान झालेल्या सायकली. हा सगळा माल मंडळातल्या मंडळातच फिरायचा. त्याला नियम एकच होता, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता म्हणूनच सगळे पाळायचे. आपल्या माणसाकडची वस्तू तपासून घ्यायची नाही. कूलर लावून बघायचा नाही, मिक्सर फिरवून बघायचा नाही. घेणाऱ्यानं पेढे आणायचे, देणाऱ्यानं नारळ द्यायचा आणि दोघांनी मिळून म्हणायचं, "आपल्यात काय बघायचंय!" या नियमापायी प्रतिमा खाडिलकरच्या गळ्यात एकदा जळक्या मोटरीचा कूलर पडला होता. ज्या बाईंनी तो दिला त्यांना तिनं पुढे दोन संक्रांती हसून वाण दिलं होतं. मूग गिळणं म्हणजे काय ते मंडळातल्या बायकांना शिकवावं लागत नसे.

दोन हजार नऊ साली पाळी खाडिलकरांचीच आली. प्रतिमाचा नवरा दिलीप सरकारी विमा कंपनीत मोठा साहेब होता. सी-स्कीममध्ये ऑफिस, वैशाली नगरात घर. बदली नागपूरला झाली. कूलर, कपाटं, सोफा पटापट गेले. राहिली ती गाडी.

गाडी साधीसुधी नव्हती. दिलीपचा चुलतभाऊ वरुण जपानहून परतताना घरसामानाबरोबर ती घेऊन आला होता. तिच्यात पेट्रोलचं इंजिन होतं आणि विजेची मोटरही होती, आणि त्या मोटरीसाठी मागच्या सीटच्या पाठीमागे एक भलीमोठी बॅटरी. हायब्रिड! वरुण पुन्हा परदेशी गेला तेव्हा ती दिलीपच्या पदरात पडली. तेव्हाच ती लाखभर किलोमीटर पळून आलेली होती. आता दोन लाख ओलांडले होते, पण दिलीपच्या तोंडी ती अजून 'भविष्याची गाडी'च होती. याच नावाचं व्याख्यान त्यानं मंडळाच्या गणेशोत्सवात दिलं होतं, फळ्यावर चित्रं काढून, हातात छडी घेऊन. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या होत्या, कारण व्याख्यानानंतर जेवण होतं. दिलीपला मात्र त्या टाळ्या बाधल्या. तेव्हापासून गाडीचा विषय निघाला की तो छडी हातात असल्यासारखाच बोलायचा.

ही गाडी घ्यायला तयार झाली प्रणिता जगदाळे. साताऱ्याची पोर, नवरा मेजर रणजित सीमेवर, आणि ही दीड वर्षाच्या आनंदीला घेऊन मिलिटरी स्टेशनच्या क्वार्टरमध्ये एकटी. टोंक रोडला शहरापासून लांब, ओसाड रस्त्यावरच्या एका कॉलेजात तिला नोकरी लागली होती. पाळणाघर कॉलेजातच होतं, म्हणजे आनंदीही रोज बरोबर जाणार. ऑटोवाले तिकडे येत नसत. गाडीवाचून तिचं पाऊल पुढे पडणार नव्हतं.

ती यायची होती त्या रविवारी सकाळी प्रतिमा दुधाची पिशवी घ्यायला फाटकाशी गेली, तर दिलीप गाडीत बसलेला. गाडी जागची हलत नव्हती आणि इंजिन मात्र बोंबलत होतं. त्यानं एका पायानं ब्रेक दाबला होता, दुसऱ्यानं अॅक्सिलरेटर.

"काय चाललंय?" प्रतिमानं विचारलं.

दिलीपनं काच खाली केली. "बॅटरी भरतोय. असं थोडा वेळ रेटलं की पडद्यावर फुल दाखवते. ते लोक येईपर्यंत टिकतं. कॉलनीत एक चक्कर मारायची की झालं."

"एरवी भरत नाही?"

"भरते, पण राहत नाही. आतले खण, म्हणजे सेल, गेलेत ना. दोन वर्षं झाली त्याला."

नळाचा वायसर गेलाय म्हणावं, तितक्या सहज त्यानं हे सांगितलं. प्रतिमाच्या हातातली पिशवी थंडगार होती आणि तिला तेवढंच जाणवत होतं.

"दोन वर्षं? म्हणजे कधी?"

"अगं, तू दूदूला बंद पाडलीस ना, त्यानंतर दिल्लीच्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, बॅटरी उन्हात शिजली. ती आपली पांढरी सीटकव्हरं होती बघ मागे, टर्किश टॉवेलची. सीटच्या कडेला जाळी असते, तिथून बॅटरीला हवा जाते. कव्हरांनी जाळीच झाकली गेली होती. म्हणून तर काढून टाकली मी ती."

ती कव्हरं कुणाची, हे प्रतिमाला सांगायची गरज नव्हती. ऑफिसच्या गाडीत साहेबाच्या सीटवर पांढरा टॉवेल असतो, मग घरच्या गाडीत का नको, म्हणून दिलीपनंच ती जुन्या शहरातल्या, चारदीवारीतल्या एका शिंप्याकडून मापानं शिवून आणली होती, कोपऱ्यापर्यंत घट्ट, एक सुरकुती नाही. जयपूरच्या उन्हाळ्यात त्यानं आपल्या हातानं बॅटरीचं नाक दाबलं होतं. आणि एवढं सगळं सांगतानासुद्धा त्याच्या तोंडी 'तू बंद पाडलीस' हेच होतं!

दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही गाडी प्रतिमा चालवायची. तिची धाकटी बहीण तारामती अजमेरला असायची. नवरा भगवानराव रेल्वेत. तारामती आजारी पडली तेव्हापासून दर शनिवारी प्रतिमा डबा भरून एकटी अजमेरला जायची आणि संध्याकाळी परत यायची. गाडी तिच्या हाताखाली गुणानं पळायची. पडद्यावरचे बॅटरीचे पट्टे कधी चढतात, कधी उतरतात, हे तिला भात शिजल्याच्या वासासारखं कळायचं. मग एका मे महिन्यात, भर दुपारी, अजमेरच्या वाटेवर दूदूच्या अलीकडे गाडी मेली. लाल दिवे लागले नि संपलं. ती बाभळीच्या विरळ सावलीत उभी राहिली, पाणी संपलं, ओढगाडी आली तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. दिलीपनं पहिलं वाक्य काय उच्चारलं? "किती दाबत होतीस पाय?"

पुढे ते वाक्य घरात वस्तीला आलं. ही गाडी नाजूक आहे, ही बाईमाणसाच्या पायाची नाही, हिला समजून घ्यावं लागतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यानं मंडळाच्या सहलीत चारचौघांत तिच्यावर टाकली आणि लोक हसले. चार वेळा ऐकलं की माणसाला आपलंच चुकलं असं वाटू लागतं. प्रतिमानं किल्ली खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. शनिवार दिलीपच्या सवडीवर गेले, आणि दिलीपला सवड नसायची.

त्याच वर्षी डिसेंबरात भगवानरावांचा फोन आला. तारामतीचं खरं नव्हतं. किल्ली खिळ्यावर होती, गाडी दारात होती. प्रतिमानं किल्लीला हात लावला आणि काढून घेतला. वाटेत बंद पाडली तर? बसनं निघते म्हणाली, तर दिलीप फोनवर म्हणाला, "थांब गं, तासाभरात आलोच." त्याची मीटिंग लांबली. ते पोहोचले तेव्हा तारामतीला खाली घेतलं होतं. आणि त्या सबंध रस्त्यावर, गार हवेत, सपाट सडकेवर, गाडी तक्रार न करता धावली होती. दिलीप म्हणालाही होता, "बघ, मी चालवतो तेव्हा कशी चालते."

हे सगळं प्रतिमाच्या डोक्यात फाटकाशी उभ्याउभ्या झालं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"तेव्हाच मला का नाही सांगितलंत?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? मंडळात एवढं भाषण ठोकलेलं मी. माझ्याच टॉवेलांनी बॅटरी गेली म्हणून सांगत फिरू?"

"आणि मी?"

"तुझं काय? तू चालवायचं सोडलंच होतंस." त्यानं पडद्याकडे पाहिलं. "हे बघ, झाली फुल. बोलत बसू नको आता, पेढे ठेवायला वाटी काढ."

प्रतिमा आत गेली. वाटी काढली. ती तिनं ओट्यावर आपटली आणि आवाजानं तिला बरं वाटलं. आता हा काय करणार, तेही तिला दिसत होतं. गाडी आज प्रणिताच्या दारात जाणार. पंधरा दिवसांत टोंक रोडवर, आग पाखडणाऱ्या दुपारी, मागे लेकरू असताना बंद पडणार. प्रणिता फोन करणार, आणि हा नागपूरहून छडी उगारणार, "किती दाबत होतीस पाय?" रणजितही म्हणेल, खाडिलकर काका एवढी वर्षं चालवत होते, तुलाच नीट येत नसेल. त्या पोरीला ते पटेलही. आणि गाडी एकदा दारातून गेली की प्रतिमाच्या बाजूनं साक्ष द्यायला जगात कुणी उरणार नव्हतं.

प्रणिता आली ती मंडळाच्या अध्यक्षांना, पंढरीनाथरावांना घेऊनच. मंडळातल्या प्रत्येक व्यवहारात मध्यस्थ म्हणून पंढरीनाथराव असायचेच. गाडी धुऊन पुसून उभी होती, बॉनेटवर झेंडूची माळ. आनंदीनं लगेच एक फूल तोडून तोंडात घातलं.

"काकू, मला गाडीतलं काही कळत नाही बघा," प्रणिता पेढे देत म्हणाली. "मतलब, फोनवर हे म्हणाले, मंडळातली आहे, तर डोळे झाकून घे."

"आपल्यात काय बघायचंय!" पंढरीनाथरावांनी मंत्र म्हटला.

"तरी एक चक्कर मारू की कॉलनीत," दिलीप उदारपणे म्हणाला. "म्हणजे मन शांत होतं."

"कॉलनीत कशाला?" प्रतिमा बाहेर आली. "नाहरगडावर जाऊ. गाडी मी चालवते."

दिलीप हसला. हसताना त्यानं पंढरीनाथरावांकडे पाहिलं. "ही? अहो, हिनं दोन वर्षं हात लावला नाही गाडीला. आणि एवढ्या उन्हाचं गडावर काय आहे?"

"किल्ली द्या."

"वहिनी, असं तपासणं आपल्यात बरं दिसत नाही," पंढरीनाथराव म्हणाले.

"मी तपासत नाही, फिरवून आणतेय. चला ना तुम्हीही. गडावर गार वारा असतो."

पाहुण्यांदेखत दिलीपला नाही म्हणता आलं नाही. त्यानं किल्ली दिली, पण मागच्या सीटवर पंढरीनाथरावांशेजारी जाऊन बसला. प्रणिता लेकीला मांडीवर घेऊन पुढे बसली. प्रतिमानं एसी पुरता सोडला आणि गाडी काढली. पहिल्या वळणाला तिचे हात अवघडले, दुसऱ्याला नाही. जे येत होतं ते येतच होतं, कुठे गेलं नव्हतं. हे कळलं तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संतापच.

चांदपोल बाजारात गर्दीनं गाडी मुंगीच्या पावलानं चालली.

"प्रणिता, हा पडदा बघ," प्रतिमा म्हणाली. "हे हिरवे पट्टे म्हणजे बॅटरी. निघालो तेव्हा भरलेले होते. आता किती राहिले?"

"निम्मेच दिसतायत की."

"आता ब्रेक मारते बघ. चढले? एवढ्याशा ब्रेकनं? चांगली बॅटरी सावकाश उतरते नि सावकाश चढते. ही झटक्यात भरते नि झटक्यात रिकामी होते. म्हणजे भांडं लहान झालंय. वाटी भरायला वेळ लागत नाही, हंड्याला लागतो."

"अगं, ट्रॅफिकमध्ये असं होतंच," मागून दिलीप म्हणाला.

"आणि मागून घोंघों ऐकू येतंय? तो बॅटरीचा पंखा. ती तापली की जोरात फिरतो. सिग्नलला इंजिन बंद पडायला हवं, तीच तर या गाडीची खुबी. एकदा तरी पडलं का?"

प्रणितानं नकारार्थी मान हलवली. तिचा चेहरा बदलला होता. पंढरीनाथराव खिडकीबाहेर बघत होते, जणू बाहेरच्या लाखेच्या बांगड्या त्यांना घ्यायच्या होत्या.

जोरावरसिंग गेटातून बाहेर पडून जलमहालावरून गाडी कनक घाटीकडे वळली आणि नाहरगडचा चढ लागला. तिसऱ्या वळणापर्यंत पट्टे भराभर खाली आले. चौथ्या वळणाच्या आत पडद्याशेजारी एक दिवा लागला. त्यात कासवाचं चित्र होतं. कंपनीनं ते कासव कुणाला लाज वाटावी म्हणून नाही, सावध करावं म्हणून घातलं होतं; पण गाडी खरोखरच कासवासारखी चालू लागली. मागून एक स्कूटर दोन माणसं नि एक पोतं घेऊन आरामात पुढे निघून गेली.

आणि मागच्या सीटवरून तोच आवाज आला. "किती दाबतेस पाय! हलका ठेव, हलका! पंढरीनाथराव, बघा, म्हणूनच मी हिला देत नाही गाडी."

प्रतिमानं गाडी कडेला घेतली, थांबवली, खाली उतरली. मागचं दार उघडलं.

"उतरा. या, तुम्ही चालवा."

"अगं, इथे मध्येच..."

"मी पाय दाबते ना? मग तुम्ही चालवून दाखवा. तुमच्या पायांनी वर न्या."

दिलीपला उतरावं लागलं. तो स्टिअरिंगमागे बसला, त्यानं चष्मा पुसला, घसा खाकरला. गाडी हलली. पुढच्या वळणाच्या तोंडापर्यंत रांगत गेली. तिथे लाल त्रिकोण लागला, एक लांबलचक शिट्टी वाजली, आणि भविष्याची गाडी वर्तमानात उभी राहिली. प्रतिमा पायी चढत मागून येत होती. घाईचं काही कारण नव्हतं.

सगळे खाली उतरले. ऊन दगडांवरून अंगावर येत होतं. प्रणितानं ओढणी लेकीच्या डोक्यावर धरली.

"चढ फार आहे," दिलीप म्हणाला.

"चढ दोन वर्षांपूर्वीही एवढाच होता," प्रतिमा म्हणाली. मग ती प्रणिताकडे वळली आणि तिनं सगळं सांगितलं. कव्हर, दिल्लीचा माणूस, मेलेले खण, आणि आज सकाळी दोन्ही पाय दाबून भरलेली बॅटरी. आवाज चढवला नाही, पण एक शब्दही गाळला नाही.

"वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची असते," पंढरीनाथराव कळवळून म्हणाले. "हे घरात बोलायचं होतंत. मंडळाचं नाव..."

"मंडळाच्या नावानं ही पोर लेकरासकट उन्हात उभी राहिली असती, पंढरीनाथराव. तिथे मंडळ गेलं असतं का पाणी घेऊन?"

पंढरीनाथराव दोन पावलं मागे जाऊन कठड्याशी उभे राहिले.

प्रणिता सरळ दिलीपसमोर गेली. "काका, तुम्हाला माहीत होतं? मी आनंदीला घेऊन जाणार आहे, हे माहीत असून?"

"अगं, उतारावर चार्ज होते ती," दिलीप म्हणाला. हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण त्यानं बॉनेटवरची झेंडूची माळ सरळ केली.

"आता एक वाक्य बोला," प्रतिमा म्हणाली. "दूदूला गाडी कशानं बंद पडली?"

"प्रतिमा, पुरे ना."

"कशानं?"

"बॅटरीनं." तो पुटपुटला.

"मोठ्यानं. पंढरीनाथराव तिकडे उभे आहेत. चारचौघांत म्हण ऐकवलीत ना मला? मग हेही चारचौघांत."

दिलीपनं कपाळावरचा घाम पुसला. साहेबाचा चेहरा उन्हात उतरला होता. "दूदूला गाडी बॅटरीनं बंद पडली," तो मोठ्यानं म्हणाला. "हिच्यामुळे नाही. माझ्यामुळे. मला तेव्हापासूनच माहीत होतं." मग त्यानं बायकोकडे पाहिलं. "झालं? आता तरी सोड."

प्रतिमाला वाटलं होतं, हे वाक्य कानावर पडलं की छातीवरचं काहीतरी खाली उतरेल. उतरलं नाही. सत्य सांगायला याला एका श्वासापेक्षा जास्त काही लागलं नव्हतं. एवढंच लागत होतं. कुठल्याही सकाळी चहा पिताना तो हे बोलू शकला असता, आणि त्या डिसेंबरात किल्ली खिळ्यावरून निघाली असती.

"नाही, झालं नाही," ती म्हणाली. आता तिचा आवाज फाटला. "माझी बहीण शेवटपर्यंत विचारत होती, ताई निघाली का म्हणून. भगवानराव तिला सांगत राहिले, दिलीपराव ऑफिसातून आले की निघतील. गाडी दारात होती! मला चालवता येत होती! हे तारामतीला कधी सांगताय?"

उत्तर मिळेल म्हणून प्रतिमानं विचारलंच नव्हतं.

वरून पर्यटकांची एक जीप येत होती. प्रतिमानं हात करून ती थांबवली, प्रणिताला आधी चढवलं, आनंदीला तिच्या हातात दिलं आणि स्वतः बसली. पंढरीनाथराव कठड्याशीच राहिले. दिलीप जीपच्या दिशेनं पुढे आला.

"तुम्ही गाडीपाशी थांबा," ती म्हणाली. "ओढगाडीला यायला फार वेळ लागतो."